मुंबईचा एक कवी आणि त्याचा रहिवास

नेर (परसोपंत),
जि. यवतमाळ

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मुंबईच्या वसतिगृहात कोणी गाव विचारले की नेरचे नाव सांगावे, मग ते कोठे आले हे समजावण्यासाठी यवतमाळचे नाव घ्यावे, आणि ते ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारी कणव पाहून मनातल्या मनात संकोचावे, असे तुझे होते, हे वाचून वाईट वाटले. त्याच पत्राच्या शेवटी, अभ्यासाला नेमलेल्या निसीम इझिकेल यांच्याविषयी, धर्माने ज्यू आणि भाषेने इंग्रज असलेला हा कवी आपला कसा म्हणावा, असा प्रश्न तू केला आहेस. तुझ्या संकोचाचा आणि या प्रश्नाचा संबंध मला फार निकटचा वाटतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इझिकेल ज्या समाजात जन्मले तो बेने इस्रायल समाज परका म्हणण्यापूर्वी त्याचा इतिहास पाहावा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व त्यांचाच पुढे वंशविस्तार झाला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा पंडितांचा विषय. परंतु त्या लोकांनी कुलाबा जिल्ह्यात गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि त्यावरून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हणून ओळखले, हे निर्विवाद आहे. दिवेआगरचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, अशी त्यांची आडनावे आपल्याच वहिवाटीने पडली. घरची भाषा मराठी राहिली. नवस फेडताना पोहे, खोबरे आणि साखर यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करण्याची चाल त्यांच्यात आजही आहे. सन 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी तर बायबलातील आख्याने घेऊन मराठीत कीर्तने सुरू केली. अब्राहाम आणि योसेफ यांची चरित्रे साकी-दिंडीच्या चालींवर गाणारा तो कीर्तनकार आपल्याकडच्या एखाद्या सप्ताहात उभा राहिला असता तर श्रोत्यांना आख्यान नवे वाटले असते, पण गायनाची रीत मुळीच नवी वाटली नसती.

मुंबई इलाख्याची राजधानी वाढू लागली तेव्हा हे लोक पलटणीत, कारखान्यांत आणि सरकारी दफ्तरांत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर या सुभेदाराने 1796 साली मांडवीत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाजातले लोक त्याला मशीदच म्हणत आले, आणि जवळच्या रेल्वे स्थानकाला मशीद हे नाव त्याच्यावरूनच पडले असे मानतात. तू त्या स्थानकावरून रोज जातेस, तेव्हा एवढे ध्यानात असू दे.

अशा शहरात, 16 डिसेंबर 1924 रोजी, इझिकेल यांचा जन्म झाला. वडील विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, आई स्वतः चालवलेल्या शाळेची मुख्याध्यापिका. घर सुशिक्षित, विचाराने मोकळे, आणि इंग्रजीकडे वळलेले. मुलगा मात्र गेला रोमन कॅथलिक शाळेत. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रात्मक कवितेत त्या शाळेचे जे चित्र त्यांनी काढले आहे ते मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण नाना धर्मांच्या सहवासाविषयी आपण सभा-समारंभांत जे गोड बोलतो त्याचा तेथे लवलेशही नाही. ख्रिस्ताच्या हत्येचा आरोप ज्या वर्षी या पोरावर झाला त्याच वर्षी धर्मग्रंथाच्या परीक्षेतले बक्षीस त्याने मिळवले; एका मुसलमान खेळाडूने त्याच्या कानशिलात दिली; आणि हिंदू मुलांच्या निमूटपणाचा त्याला तिटकारा आला. कवी कोणालाही सोडत नाही, आणि स्वतःलाही सोडत नाही. शेजार म्हणजे केवळ सणांचे फराळ नव्हेत, त्यात धक्केही असतात, आणि ते सोसून व देऊन माणूस तेथलाच होऊन जातो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा भारतीय कवी मला ठाऊक नाही.

पुढे 1948 मध्ये ते लंडनला गेले, तत्त्वज्ञान शिकले, हलाखीत राहिले, आणि 1952 मध्ये, त्यांचा पहिला संग्रह तिकडे प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मालवाहू बोटीवर डेक घासण्याचे काम पत्करून परत आले. त्या बोटीतून इंडोचायनातील लढाईसाठी फ्रेंच तोफा चालल्या होत्या, ही गोष्टही त्याच कवितेत आहे. परत आल्यावर मुंबईची त्यांनी स्तुती केली असे मात्र समजू नकोस. झोपडपट्ट्यांनी ग्रासलेले, ऋतूंना पारखे झालेले हे शहर त्यांच्या कवितेत वारंवार रोगट, कोंडलेले असे दिसते; तरी तोच कवी 'आयलंड' या कवितेत या बेटाला आपली जन्मभूमी म्हणून स्वीकारतो आणि येथून निघून जाण्याची भाषा करीत नाही.

त्यांचे सारेच लेखन मला सारखे आवडते असे नाही. मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या माणसांची सोंगे त्यांनी काही कवितांत आणली आहेत. त्या कविता फार लोकप्रिय झाल्या, शहरी मंडळी त्यांना खूप हसतात, पण ज्याने तालुक्याच्या शाळेत, कष्टाने आणि उशिरा, इंग्रजीची अक्षरे गिरवली त्याला त्या हसण्यात सामील होता येत नाही. तुलाही तसेच वाटले तर खुशाल उत्तरपत्रिकेत लिही.

त्यांची थोरवी मला 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' मध्ये दिसते. पावसाच्या रात्री आईला विंचू चावतो. शेतकरी कंदील घेऊन धावत येतात, देवाचे नाव जपतात, या वेदनेने मागल्या जन्मींची पापे जळोत असे म्हणतात. बुद्धिवादी, संशयी वडील एरव्ही ज्या उपायांवर विश्वास ठेवणार नाहीत तेही करून पाहतात आणि दंशाच्या जागी रॉकेल ओतून पेटवतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. आणि रात्र सरल्यावर आईच्या तोंडून एवढेच निघते की विंचवाने मुलांना सोडून मला गाठले, देवाची कृपा. या कवितेत ते घर कोणत्या धर्माचे आहे याचा उल्लेखच नाही, आणि त्या रात्री आलेल्या शेजाऱ्यांपैकी एकानेही तो विचारलेला नाही. एका ज्यू कवीने आपल्या ओळखीविषयी लिहिलेल्या सर्व ओळींपेक्षा ही अनुच्चारित गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. आमच्या शेतवस्तीवर पावसाळ्यात सापविंचवाचा प्रसंग आला म्हणजे तांड्यावरचा बंजारा, मोहल्ल्यातला मुसलमान आणि बौद्धवाड्यातला मजूर असेच धावत येतात. विचारपूस नंतर होते. मुंबईपासून इतक्या दूरचा हा कसबा मला त्या कवितेत ओळखू आला तो यामुळे.

आता मुख्य गोष्ट. इझिकेल तरुण होते तेव्हा, 1951 च्या सुमारास, भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथे गेल्यावर त्यांच्या ज्यूपणाविषयीच धर्मपीठाने शंका काढली, आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे 1964 मध्ये सरकारकडून मान्य होईपर्यंत त्यांना झगडावे लागले. येथे राहिलेल्यांना अल्पसंख्याक म्हणून महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळायला 2016 साल उजाडले. दोन्हीकडे दाखला मागणारे दफ्तर होतेच. इझिकेल गेले नाहीत. लोक दूरच्या मागासलेल्या ठिकाणी जाऊन जीवन वाहतात, तसे आपण आहोत तेथेच राहायचे, आपले मागासलेले ठिकाण हेच, असा निश्चय त्यांनी त्याच आत्मचरित्रात्मक कवितेच्या शेवटी सांगितला. आणि तो निश्चय शब्दांपुरता ठेवला नाही. मिठीबाई महाविद्यालयात आणि पुढे मुंबई विद्यापीठात ते शिकवत राहिले, गिव्ह पटेल यांच्यासारख्या तरुण पारशी कवीचा पहिला संग्रह त्यांनी 1966 मध्ये स्वतः प्रसिद्ध केला, आणि वृंदा नाबर यांच्या साहाय्याने इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. ज्या घरातून मराठी मागे पडली होती त्या घरातल्या माणसाने मराठीच्या इतक्या नाजूक, इतक्या अंतर्मुख कवयित्रीपाशी जावे, यापेक्षा आपलेपणाचा अधिक सबळ पुरावा तुला कोणता हवा? 2004 च्या जानेवारीत, स्मृतिभ्रंशाच्या दीर्घ आजारानंतर, ते याच शहरात वारले.

तेव्हा कोणी गाव विचारले तर नेर म्हण, आणि तिथेच थांब. यवतमाळ, अमरावतीचा रस्ता, कापूस, हे सारे समोरच्याला जाणून घ्यायचे असेल तर तो विचारील. मुंबईने तुला सामावून घ्यावे म्हणून आपले गाव पुसट करण्याचे कारण नाही, आणि गावाचा अभिमान म्हणून मुंबईशी अंतर राखण्याचेही नाही.

एक काम करावे. इंदिरा संतांच्या कवितांचा तो अनुवाद विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला तर मूळ मराठी शेजारी ठेवून वाच, आणि कोठे कविता निसटली व कोठे ती इंग्रजीतही उभी राहिली ते मला सविस्तर कळव. येथे सोयाबीन निघाले, तूर फुलावर आहे. वहिनींना वेगळे पत्र घाल. मला आलेल्या तुझ्या पत्रातला मजकूर वाचून दाखवला तरी त्यांचे समाधान होत नाही. बाकी क्षेम.

तुझे,
काका