म्युनिकची पत्रकं आणि बाबांचं स्टेन्सिल



२०२२ च्या नोव्हेंबरात मी नातीकडे म्युनिकला होतो. ती तिथल्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात शिकते. "आजोबा, दोन आमंत्रणं मिळालीत, चला," म्हणाली, आणि मी गेश्विस्टर शोल पुरस्काराच्या समारंभाला गेलो. हान्स आणि सोफी शोल या भावंडांच्या नावाचा हा पुरस्कार १९८० पासून दिला जातो. तो असतो पुस्तकाला, पण मान पुष्कळदा पत्रकाराचा. २००७ साली तो रशियाच्या आना पोलितकोव्स्काया यांना मिळाला, त्यांच्या खुनानंतर. या वेळी युक्रेनच्या आंद्रेई कुर्कोव यांना, युद्धाच्या रोजनिशीबद्दल.

आत जाण्याआधी नातीने मला दारासमोर खाली बघायला लावलं. फरसबंदीवर कागद विखुरलेले. वाकून हात लावला तर ते सिरॅमिकचे! १८ फेब्रुवारी १९४३ ला या भावंडांनी याच इमारतीत हिटलरविरोधी पत्रकं टाकली. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांना पकडून दिलं आणि चौथ्या दिवशी दोघांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या गटाच्या दुसऱ्या पत्रकात, १९४२ च्या उन्हाळ्यातच, पोलंडमध्ये तीन लाख ज्यू मारले गेल्याचं लिहिलं होतं. एक टाइपरायटर आणि हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल, एवढाच त्यांचा छापखाना.

भाषणं जर्मनमध्ये. नात कानाशी सांगत होती, मला अर्धं कळलं. खरं तर माझं लक्षच नव्हतं. सायक्लोस्टाइल म्हटलं की मला बाबा दिसतात.

१९१७ च्या 'द इस्रायलाईट'सारखं मोठं काही नव्हतं ते. भायखळ्याच्या चाळीत बाबा महिन्याला दोन पानं काढायचे. कुणाकडे मलिदा, कुणाला मुलगा झाला, कोण इस्रायलला निघालं. बोटं आठवडाभर काळी. १९६२ मध्ये आत्याचं तिकडून पत्र आलं. लेकीचं लग्न अडलं होतं, आजीपणजीच्या कुळाची चौकशी चालली होती. बाबांनी पत्र स्टेन्सिलवर उतरवलं. संध्याकाळी समाजातले तिघे जण घरी आले. चहा घेऊन म्हणाले, "घरातलं घरात राहू दे. अजून पुष्कळांना जायचंय." बाबांनी स्टेन्सिल फाडलं. त्या महिन्यात एकच पान निघालं.

कुठे ती मुलं आणि कुठे आमची चाळ, मला ठाऊक आहे. बाबांना जिवाची भीती नव्हती, फक्त शेजाऱ्यांची होती. ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत असा ठराव क्नेसेटने केला, तेव्हा बाबांनी तो ठळक छापला. तोवर आतेबहिणीचं लग्न मोडलं होतं.

आत्याचं ते निळं एअरोग्राम माझ्या ट्रंकेत आहे. म्युनिकहून परतल्यावर मी अश्दोदला आतेबहिणीला फोन केला. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "छाप. पण माझं नाव नको घालू."

पुढच्या खेपेला ते इथे देतो.