दह्याची पावडर आणि आईचा चहा

आमच्या आईचं सध्याचं जेवण म्हणजे चहा आणि चहाबरोबर काहीतरी. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई... काहीही चालतं. पोळी नको, वरण नको आणि अंडं तर तिने जन्मात खाल्लेलं नाही. वय ७८, वजन ४४ किलो. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढवा." उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत म्हणे. डब्यातली चॉकलेटी पावडर आणली, तर "हे औषध झालं, खाणं नव्हे" म्हणून तिने कप बाजूला सारला.

मग वाटलं, ती जे खाते त्यातच काही घालता येईल का?

नानकटाईत चमचाभर दही बऱ्याच घरी घालतात. त्याच्या आंबटपणाने सोडा फुलतो. पण चमचाभराच्या पुढे जाता येत नाही, कारण दह्यात शंभरातले ८५ हून जास्त भाग पाणीच. पाणी वाढलं की खुसखुशीतपणा गेला! दही वाळवलेलं असेल तर मात्र ही अडचण उरत नाही.

तर ही पावडर शोधत मी मार्केट यार्डात पोचले. भुसार बाजारात गूळ, डाळी, सुकामेवा सगळं ओळखीचं; ही वस्तू मात्र बेकरीचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, "ताई, ही वेफर्सवाले नेतात. तुम्ही काय करणार?" बिस्किटं म्हटल्यावर त्याने आणखी एक पाकीट काढलं. त्यावरचे घटक वाचले तर निम्मा स्टार्च, मीठ आणि स्वाद. घेणार असाल तर पाकीट उलटून बघाच. नुसतं दही वाळवलेलं हवं.

प्रमाण असं जमलं : कणीक १५० ग्रॅम, नाचणीचं पीठ ५०, दही पावडर ५०, तूप १२५, पिठीसाखर १००, पाव चमचा सोडा, वेलची. यात साधारण २० बिस्किटं होतात. पावडरमुळे ती लवकर लाल होतात, म्हणून भट्टी १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवायची. हे फक्त रंगासाठी नाही. गव्हात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, दुधात भरपूर. ही जोडी म्हणूनच चांगली. पण बिस्किट फार करपवलं तर त्या लायसिनचाच काही भाग वाया जातो. दह्यातले जिवंत जंतू भट्टीत मरतातच, त्यांची आशा धरू नये. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र उरतं.

आता खरा हिशोब. पूर्ण दुधाच्या दह्याच्या पावडरीत साधारण पाव भाग प्रथिनं. म्हणजे सगळ्या घाण्यात १२-१३ ग्रॅमची भर. पिठातली धरून चार बिस्किटांत साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कपभर दुधाइतकी. चमत्कार नाही. तूप-साखरही आहेच. पण जी बाई दूध पीतच नाही, तिच्या पोटात चहाच्या निमित्ताने कपभर दूध जातंय, हे मला थोडं वाटत नाही.

प्रश्न होता, तिला सांगायचं का? मुलांना भाज्या लपवून खाऊ घालतात तसं सहज करता आलं असतं. पण जिने मला विरजण लावायला शिकवलं, तिच्याशी दह्याचीच लपवाछपवी? सांगून टाकलं. तिने पावडर चिमटीत घेऊन हुंगली, जिभेवर ठेवली. "अगं, मग सांडगी मिरची म्हणजे दुसरं काय? दह्यात भिजवायची आणि वाळवायची. त्यात नवीन काय शोधलंस?"

खरंच की! तुर्कस्तानात पीठ आणि दही एकत्र आंबवून, वाळवून तरहाना करतात, ते वर्षभर सूपासाठी पुरतं. मध्य आशियात दह्याचे कडक गोळे वाळवून ठेवतात. दही टिकवायची युक्ती जगभरच्या बायकांना केव्हाची माहीत आहे.

आता बिस्किटं किती आंबट हवीत, ते आई ठरवते. परवाचा घाणा तिने नापास केला, वेलची कमी म्हणून. वजन अजून काही हललेलं नाही. पण खाण्याबद्दल तिला पुन्हा मत आहे... आणि घरात म्हातारं माणूस असलेल्यांना यातली मोलाची गोष्ट वेगळी सांगायला नको.