आत काय खुळखुळतंय?

तुमच्या घरी काही फुटलं की पहिला प्रश्न कोणता येतो? आमच्याकडे येतो, ‘कुणी पाडलं?’ काय फुटलं, कसं फुटलं, हे सगळं नंतर.

गेल्या सुट्टीत हाच प्रश्न माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं विचारला. तोही व्हिडिओ कॉलवर, थेट आजीला.

मी हैदराबादला दादा-वहिनीकडे राहते आणि घरूनच काम करते. चिमूनं सुट्टीच्या क्लासमध्ये शाडूची पणती केली होती. जांभळा रंग, त्यावर पिवळे ठिपके. ती मिरजेला आजीकडे पाठवायची होती. पॅकिंगचं काम माझ्याकडे आलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी एक रिकामं खोकं घेतलं, पणती ठेवली, वर वर्तमानपत्राचा एक कागद टाकला, टेप मारली आणि लाल मार्करनं ठळक लिहिलं, ‘नाजूक वस्तू’. झालं काम.

चार दिवसांनी आजीनं कॅमेऱ्यासमोर खोकं उघडलं. आत तीन तुकडे आणि बराचसा भुगा.

“आजी, तू पाडलीस?”

“नाही गं बाळा, अशीच आली.”

चिमू थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मीच कच्ची केली असेन.” त्यानंतर दोन दिवस तिनं मातीला हात लावला नाही.

मला काय वाटलं असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. त्यात मी कंटेंट रायटर. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वस्तूंची वर्णनं लिहिणं हे माझं रोजचं काम. त्याच आठवड्यात काचेच्या मेणबत्ती-स्टँडसाठी मी लिहिलं होतं, ‘सुरक्षित पॅकिंगमध्ये घरपोच’. सुरक्षित म्हणजे नेमकं काय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इंग्रजीत बी.ए. केलं, पण पुठ्ठ्याचं खोकं कसं काम करतं हे कधी कुणी शिकवलं नाही.

रविवारी मी चिमूला स्वयंपाकघरात बोलावलं. चार अंडी, एक स्टीलचा डबा आणि चेनवाल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. (अंडी चालत नसतील तर पापड घ्या, तो अंड्याहूनही लवकर मोडतो.) “पणती का फुटली ते शोधूया,” मी म्हटलं. ‘कुणी फोडली’ हे शब्द मुद्दाम टाळले.

पहिलं अंडं पिशवीत घालून नुसतंच डब्यात ठेवलं. झाकण घट्ट लावलं. चिमूनं डबा खुर्चीवरून खाली सोडला. डब्याला साधा पोचाही आला नाही. आत मात्र अंड्याचा रस्सा.

“डबा तर मजबूत होता!” ती म्हणाली.

मग तिला रिक्षाची आठवण करून दिली. रिक्षावाल्या काकांनी करकचून ब्रेक मारला की आपण पुढे जातो ना? रिक्षा थांबते, आपण थांबत नाही. तसंच डबा जमिनीवर थांबला, अंडं चालत राहिलं आणि आतल्या भिंतीवर आपटलं. माझ्या खोक्यात पणतीचं तेच झालं होतं. बाहेर लाल अक्षरात काहीही लिहिलं तरी आतल्या पणतीला ते वाचता येत नाही.

दुसऱ्या अंड्याच्या वेळी डब्यात जुन्या ओढणीचे तुकडे भरले. अंडं वाचलं. का वाचलं, हे सांगायला मी चिमूला सोफ्यावरून उडी मारायला लावली. एकदा गुडघे वाकवून, एकदा खाली जाड गादी ठेवून. गुडघे ताठ ठेवून उडी मारली तर काय होईल, हे तिनं आपणहून सांगितलं. थांबायला जितका जास्त वेळ मिळतो, तितका मार कमी बसतो. मऊ कापड अंड्याला हळूहळू थांबवतं आणि मार एकाच ठिकाणी न लागता पसरतो.

तिसरं अंडं तिनं स्वतः बांधलं. इतकं कापड कोंबलं, इतका जोर लावला, की झाकण लावतानाच आतून ‘टच्च’ आवाज आला. मला हसू आवरेना. पण हेही तिला कळलं की घट्ट म्हणजे दाबून नव्हे. चौथं अंडं नीट वाचलं. हात साबणानं धुतले आणि फुटलेल्या दोन्ही अंड्यांचं ऑम्लेट केलं. त्यांच्या पिशव्या चांगल्या होत्या.

यातून तिचा एक नियम तयार झाला. कानाशी धरून खोकं हलवायचं. खुळखुळलं तर नापास. दिवसभर घरातली प्रत्येक वस्तू तिनं कानाशी धरली. मग एक भुईमुगाची शेंग घेऊन आली. “आत्या, ही वाजते. मग दाणा फुटत का नाही?” खरं सांगते, मी अडकले. थोडा विचार करून म्हटलं, दाणा इतका हलका आहे की आपटला तरी त्याला फारसा मार लागत नाही. अंडं जड आणि त्याचं कवच पातळ. तिला पटलं असावं, कारण तिनं शेंग खाल्ली.

नारळ मात्र तिला फार आवडला. एवढ्या उंचावरून पडतो, पण सोडणाच्या धाग्यांची गादी आतल्या करवंटीला सांभाळते. चिप्सच्या पाकिटात ‘नुसती हवा भरून फसवतात’ असं आपण म्हणतो, तिथे बहुधा नायट्रोजन असतो. त्यानं चिप्स खवट होत नाहीत आणि चुराही कमी होतो.

पुठ्ठ्याचा थर सोलून पाहिला तर आत लाटांसारखा कागद दिसतो. साधा कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवून वर वाटी ठेवली, तर कोसळला. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घातल्यावर वाटी पेलली. इंग्लंडमध्ये 1856 साली अशा लाटांच्या कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. बाटल्या गुंडाळायला तो अमेरिकेत 1871 पासून वापरात आला. 1957 सालचं बबल रॅप तर भिंतीचा कागद करायला जाऊन तयार झालं! चिमूला टोपीचीच गोष्ट तीनदा ऐकायची होती.

एक सांगून ठेवते. कटर मोठ्यांच्याच हातात. पॅकिंगच्या पिशव्या, थर्माकोलचे मणी आणि खोक्यात येणारी ती पांढरी पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

संध्याकाळी आजीला फोन केला. आजी म्हणाली, “मला विचारायचं ना आधी! लोणच्याची बरणी एसटीनं न्यायचे, तेव्हा दादरा बांधून, जुन्या लुगड्यात गुंडाळून पातेल्यात बसवायचे. आंब्याच्या पेटीत पेंढा काय उगाच घालतात? आणि पणतीला पणती लागू देऊ नकोस.” मी दिवसभर खपून जे शोधलं, ते आजीनं चार वाक्यांत सांगितलं.

सोमवारी चिमूनं पुन्हा माती मागितली. या वेळी दोन पणत्या केल्या. “एक फुटली तर,” म्हणाली. वाळल्या, रंगल्या. प्रत्येकीच्या पोटात कागदाचा बोळा, वरून ओढणीचा तुकडा, मध्ये पुठ्ठ्याची भिंत, मग ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात आणि सगळीकडून चुरगळलेले कागद. शेवटी तिनं कान लावला. मी कान लावला. दादालाही लावावा लागला.

आजीनं पुन्हा कॅमेऱ्यासमोर खोकं उघडलं. खोक्याचा एक कोपरा चांगलाच चेपला होता. आजी पणत्या दाखवत होती, दोन्ही जशाच्या तशा. पण चिमू ओरडत होती, “आजी, पणती राहू दे, तो कोपरा दाखव! मार त्यानं खाल्ला!”

तेच खोकं आजी आता परत पाठवणार आहे. आत काय असेल ते सांगत नाही. चिमू रोज फोनवर एवढंच विचारते, “आजी, हलवून बघितलंस? वाजतंय का?”