सव्वीस फूट की चौतीस फूट?



"केवढं घ्यायचं?" हा प्रश्न आपल्याला कुकरपासून फ्लॅटपर्यंत पडतो. यंदा तो आमच्याकडे शिडाच्या नौकेबद्दल पडला. माझी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला असतात. तिथे सोलेंटच्या सामुद्रधुनीत शनिवार-रविवारी पांढऱ्या शिडांची गर्दी असते. दोघांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि आता जुनी, वापरलेली यॉट घ्यायची ठरवली. शेवटी दोन नौका उरल्या. एक २६ फुटी काँटेसा, नीट राखलेली. दुसरी ३४ फुटी, ऐसपैस, पण इंजिन मूळचं आणि शिडं थकलेली. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखी.

लेकीचा फोन आला, "आई, तू बी. कॉम. आहेस. हिशोब करून सांग."

मला पोहताही येत नाही, पण वही काढली. सारख्या किमतीत आठ फूट जास्त, म्हणजे मोठी स्वस्त, असं कोणालाही वाटेल. मात्र खरेदीची किंमत एकदाच द्यायची असते, पुढचा खर्च दरवर्षी. तिथे मरिनाचं भाडं मीटरवर मोजतात. सव्वीस फूट म्हणजे साधारण ७.९ मीटर, चौतीस म्हणजे १०.४. हा फरक डोळ्यांना दिसतो. न दिसणारा फरक वेगळाच आहे. त्याच घाटाची नौका तीस टक्क्यांनी लांब केली की तळाचं क्षेत्रफळ सुमारे १.७ पट होतं आणि वजन दुपटीच्या वर जातं. मग नांगर, दोर, शीड, इंजिन, क्रेन, सगळंच जड आणि महाग. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलायला विमा कंपन्या सांगतात. मोठ्या नौकेच्या तारांचं वय मालकालाच ठाऊक नव्हतं. तो खर्च मी पहिल्याच वर्षात धरला.

वेगाचं काय? अशा नौकेचा कमाल वेग पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. एकवीस फुटांना सुमारे ६.१ नॉट, अठ्ठावीस फुटांना ७.१. एवढा खर्च वाढवून ताशी एक सागरी मैल मिळतो. नीडल्सच्या खडकांपासून फ्रान्समधलं शेरबूर साधारण ६० सागरी मैल आहे. लहान नौका पाच नॉटने बारा तासांत जाईल, मोठी सहा नॉटने दहा तासांत.

मोठीची बाजूही मी वहीत लिहिली. लाटांवर ती कमी हेलकावते, पिण्याचं पाणी जास्त मावतं, आत ताठ उभं राहता येतं, स्वच्छतागृहाला दार आहे. लहान नौकेत जावयांना वाकून स्वयंपाक करावा लागणार. पण वादळात एकाला बरं वाटेनासं झालं, तर दुसऱ्याला एकट्याने शीड उतरवता आलं पाहिजे. लेकीने दोन्ही नौकांवर करून पाहिलं. लहानीवर तिला जमलं. १९८५ साली अठरा वर्षांची टानिया एबी न्यू यॉर्कहून निघाली, ती काँटेसा २६ मधूनच पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८७ मध्ये परतली. तिच्या नौकेचं नाव 'वरुणा' होतं, हे वाचून मला फार गंमत वाटली.

तरी लेकीचं मन मोठीकडे ओढत होतं. कारण शेवटी कळलं. "तू आणि बाबा आलात की चौघांना झोपायला जागा हवी ना."

म्हणजे ती चौतीस फुटी आमच्यासाठी होती! हे ऐकून डोळे भरून आले. नाही म्हणणं सोपं नव्हतं. आपल्यासाठी कोणी जागा राखतंय, हे या वयात कोणाला नको असतं? पण वर्षातल्या पंधरा दिवसांच्या पाहुण्यांसाठी पन्नास आठवड्यांचं ओझं? मी म्हटलं, "आम्ही किनाऱ्यावर खोली घेऊन राहू. दिवसा नौकेवर, रात्री जमिनीवर. चौविहार तर तसाही सूर्यास्ताआधी उरकायचा असतो."

मग तिला आनंद श्रावकाची गोष्ट सांगितली. उपासकदशांग सूत्रात त्याने भगवान महावीरांपुढे आपल्या मालमत्तेची मर्यादा ठरवली, त्यात नौकाही मोजल्या आहेत. देशांतराला जाणाऱ्या चार आणि मालवाहतुकीच्या चार, बाकीच्यांचा त्याग. श्रीमंत माणूस, पण आकडा ठरलेला. परिग्रह-परिमाण म्हणजे काहीच न घेणं नव्हे, कुठे थांबायचं ते आधी ठरवणं.

एका गोष्टीने मात्र मला झोप लागेना. नौकेच्या तळाला शेवाळ आणि शिंपलेवर्गी जीव चिकटू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावतात. तो जीवांना मारूनच काम करतो. पूर्वी त्यात टीबीटी हे कथिलाचं संयुग असे. त्याने फ्रान्सच्या आर्काशॉन उपसागरातल्या कालवांची शिंपली विकृत झाली, म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी घातली. तांब्याचा रंग अजून चालतो.

ही संकल्पी हिंसा नव्हे, आरंभी आहे, हे खरं. पण हौसेच्या वस्तूला आरंभी म्हणून किती सूट द्यायची? मी विचारलं. जावयांनी मनावर घेतलं. ते म्हणाले, सिलिकॉनचा लेप मिळतो. तो विषारी नसतो, फक्त गुळगुळीत असतो, म्हणून जीवांना घट्ट धरता येत नाही. मात्र आधीचा रंग पूर्ण खरवडावा लागतो आणि लेप महाग पडतो. सव्वीस फुटांचा तळ त्यांना परवडतो, चौतीस फुटांचा परवडला नसता. शिवाय लहान नौका ते ऑक्टोबर ते मार्च पाण्याबाहेर ठेवणार आहेत. मी त्याला तिचा चातुर्मास म्हणते.

हिंसा शून्य झाली नाही, आणि तसं म्हणणं खोटं ठरेल. नौकाच घेतली नसती तर ती आणखी कमी झाली असती, हेही लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तेवढं मला नाही जमणार." मग तिने आपणहून ठरवलं, अठ्ठावीस फुटांवरची नौका कधी घ्यायची नाही.

व्यवहार झाला. मी वही मिटली नाही, खर्चाचं पान दर महिन्याला तिच्याकडून मागवते.

जय जिनेंद्र.