मास्तरांचा प्रीॲम्प



आमच्या मंडळीचा जुना व्हॉल्व्हचा प्रीॲम्प ठेवावा की काढून टाकावा, यावर यंदा बेळगावच्या पावसाळ्यानंतर बरेच दिवस चर्चा चालली. माइकचा बारीक आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवून देणे, एवढेच त्याचे काम. पण तो एका मास्तरांनी स्वतःच्या हाताने बांधलेला. मास्तर प्रभूकडे गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, अजून दर रविवारी तिसऱ्या बाकावर असतात. म्हणून ‘भंगार’ हा शब्द कमिटीत कोणी मोठ्याने काढत नव्हते.

वेस्ट्रीचे छप्पर गळून कपाटात ओल शिरली, आणि गाण्याच्या सरावाला एका मुलीच्या ओठांना माइकचा करंट लागला. मग मात्र प्रश्न आठवणींपुरता राहिला नाही. पाळकसाहेबांनी तो डबा माझ्याकडे दिला. ‘सुरक्षित होत असेल तरच परत आणा,’ म्हणाले.

अशा यंत्रात घाईने हात घालू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये २८० व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. मी आधी रेझिस्टन्स लावून ते उतरवले, मग मीटरने खात्री केली. नंतर २२० किलोओहमचा एक रेझिस्टन्स कायमचाच बसवला. आता बंद केल्यावर दोन मिनिटांत ते आपोआप रिकामे होतात.

करंटचे कारण लवकर सापडले. वायर दोनच तारांची. शिवाय गुणगुण कमी व्हावी म्हणून मेनच्या तारेपासून लोखंडी चासीला एक छोटा कंडेन्सर जोडलेला. त्या काळी अशी पद्धत होती. ओलीने तो गळू लागला आणि चासी, चासीबरोबर माइकची जाळीही, जिवंत झाली. तो कंडेन्सर कापून टाकला. तीन तारांची वायर घातली, अर्थची तार चासीला बोल्टने आवळली, फेज तारेवर फ्यूज बसवला. एवढे करून वेस्ट्रीतला सॉकेट उघडला, तर त्याच्या तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती! इलेक्ट्रिशियनला बोलावून खरे अर्थिंग करून घेतले. ज्यांच्या चर्चमध्ये जुना सेट आहे त्यांनी हे एकदा पाहून घ्या. तीन पिनांचा प्लग दिसला म्हणजे अर्थिंग आहेच असे नाही.

आवाज फाटायचा त्याचे कारण वेगळे. व्हॉल्व्ह दोन, दोन्ही ईसीसी ८३. एका टप्प्यातून दुसऱ्यात फक्त आवाज जावा, डीसी अडावा, म्हणून मध्ये मेणकागदाचा कंडेन्सर होता. तोही गळका. पुढच्या ग्रिडवर शून्याच्या जवळपास व्होल्टेज असायला हवे, तिथे २ व्होल्ट मिळाले. व्हॉल्व्ह चांगला, पण त्याला बिचाऱ्याला नीट बसूच दिले जात नव्हते. नवा ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घातला. पुरवठ्याचे सुकलेले कंडेन्सर बदलले. मग ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केले: बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. तो भगभगीत पेटून राहिला असता, तर आत शॉर्ट आहे असे समजायचे.

एक बदल मात्र मास्तरांनी केलेला नव्हता, तो मी केला. त्यांच्या काळातला क्रिस्टल माइक जोरदार सिग्नल द्यायचा. आजचे डायनॅमिक माइक फार थोडा देतात, म्हणून वाचन करणारे वडीलधारे मागच्या बाकांना ऐकू येत नसत. इनपुटला १:१० चा माइक ट्रान्सफॉर्मर बसवला. सिग्नल दहापट वाढून व्हॉल्व्हपर्यंत पोचतो.

काम करताना मला वारंवार अंजिराच्या झाडाचा तो दाखला आठवत होता. माळी आणखी एक वर्ष मागतो, पण झाडाला तसेच ठेवतो असे म्हणत नाही. भोवती खणीन, खत घालीन म्हणतो. आपण जुन्या वस्तूंसाठी मुदत मागतो, खणायची तयारी मात्र क्वचितच असते.

परत नेण्याआधी बाईंच्या घरी गेलो. काढलेले भाग एका डबीत ठेवले होते. त्यांनी विचारले, ‘त्यांचं काय काय काढलंत?’ एकेक दाखवले. झाकणाच्या आत मास्तरांनी पेन्सिलीने काढलेला सर्किटचा नकाशा तसाच आहे, माझे बदल मी त्याखाली निळ्या शाईने लिहिलेत, हेही सांगितले. करंटवाला कंडेन्सर त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

‘लेकराला लागला तो हाच?’

‘हो, बाई.’

‘मग हा डबीत नको,’ म्हणाल्या, आणि उठून केराच्या टोपलीत टाकून आल्या.

आता यंत्र वेस्ट्रीत भिंतीपासून वीतभर लांब, उंच फळीवर आहे. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तेव्हा वाचकांनी माइकवर टिचक्या मारू नयेत. दुसऱ्या इनपुटवर बारीक गुणगुण अजून आहे. ती नाताळाच्या सरावाआधी बघायची आहे.