चांगशाचे शिंगाळे जोडे

चीनच्या हुनान प्रांतात चांगशा नगराच्या पूर्व अंगास मावांगदुई हे ठिकाण आहे. १९७२ साली तेथे एका सरदारपत्नीची दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कबर उघडण्यात आली. शव तर टिकले होतेच, पण तिचे रेशमी जोडेही शाबूत निघाले! तळ वाखाचा आणि पुढचे टोक दोन शिंगांप्रमाणे वर वळलेले. वाचकहो, हा निव्वळ नखरा नव्हे. त्या काळी थोरांचा झगा पावलांवर लोळे. त्याचा घेर या टोकाने सावरला जाई व चालणारा अडखळत नसे, असे अभ्यासक मानतात. शेतात राबणाऱ्यांचा अंगरखा आखूड. त्यांना असल्या टोकाचे काय प्रयोजन? शोभा मागाहून आली असावी, असे आम्हांस वाटते. ती स्त्री आणि तिचे ते जोडे चांगशाच्याच संग्रहालयात जतन केलेले आहेत.