माडाच्या सावलीत

पाटोद्याच्या माणसाला नारळ ओळखीचा, पण माड परका! आमच्याकडे नारळ वाण्याच्या दुकानात पोत्यात पिकतो आणि देवापुढे फुटतो. बालाघाटातले आमचे झाड म्हणजे सीताफळ. मांजरेचा उगम आमच्या तालुक्यातला. तरी 2013च्या दुष्काळात मी टँकरमागे घागर घेऊन धावलो आहे. तेव्हा वाटे, पाणी असते तर माणसे गाव सोडून गेली नसती.

यंदा मेच्या सुट्टीत मालवणजवळच्या देवबागेत सहकुटुंब उतरलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या अरुंद वाळूवर माडांची दाटी. ‘बेटच की हे!’ मी म्हणालो.

‘बेट नाय, पण पावसात बेटासारख्याच वाटता,’ घरच्या आजी हसल्या.

त्यांनीच मला माड शिकवला. माडाला महिन्याला साधारण एक झावळी आणि एक पोय येते. फुलाचा पिकला नारळ व्हायला वर्ष लागते. म्हणून एकाच माडावर फूल, शहाळे, आडसर आणि पिकला नारळ एकत्र कुटुंबासारखे नांदतात. जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलायचा, खोबरे उन्हात वाळवून घाण्याला द्यायचे. सोडणे खाडीच्या गाळात महिनोन्महिने कुजवून ठोकली की काथ्या निघतो, त्याचे सुंभ वळतात. झावळ्यांचे झाप, हिरांची केरसुणी, करवंटी चुलीत.

‘म्हणजे वाया काहीच जात नाही!’ मी म्हणालो.

‘जाता तर, मास्तर. चढणारो गडी गावणा नाय. झील मुंबयत. रातीचो नारळ धप्पकन पडलो की मी अंथरुणात मोजतंय.’

मी गप्प झालो. दसरा उलटला की आमच्याकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मागे कुलपे आणि म्हातारी माणसे उरतात. इथे तर विहिरी भरलेल्या होत्या, तरी उंबऱ्यात म्हातारीच एकटी!

निघताना आजींनी कोंब फुटलेला एक नारळ हाती दिला. ‘सात वर्सांनी धरलो काय सांगूक येवा.’

‘आणि पाणी?’ सौभाग्यवतींनी विचारले.

जूनमध्ये न्हाणीच्या सांडपाण्यावर तो लावला. शेजारचे बिऱ्हाड परवाच कारखान्यावर गेले. मागे राहिलेली त्यांची म्हातारी आता रोज सकाळी येते, तांब्याभर पाणी घालते आणि नवे पान आले का ते पाहून जाते.